स्नॉर्कल काढल्यावर मधला दम का गेला: एअरबॉक्सचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा: ३५० सीसीची एक-सिलिंडर फोर-स्ट्रोक गाडी, हवेत पेट्रोल मिसळणारा सीव्ही कार्ब्युरेटर, सीटखाली साधारण पाच लिटरचा एअरबॉक्स (फिल्टर ज्यात बसतो तो हवेचा डबा) आणि त्याच्या झाकणात ३० मिमी व्यासाचा, १०० मिमी लांबीचा रबरी स्नॉर्कल, म्हणजे डब्यात हवा येण्याची नळी. इंजिनाला हवा जास्त मिळावी म्हणून स्नॉर्कल काढून टाकला. आता ७००० आरपीएमच्या वर गाडी मोकळी पळते, पण ४५०० ते ६५०० मध्ये पूर्वीचा दम राहिला नाही आणि थ्रॉटल झटकन उघडला की अडखळते. आता मेन जेट (पेट्रोल मापून सोडणारं कार्ब्युरेटरमधलं भोक) मोठा करायचा, झाकणाला आणखी भोकं पाडायची, की डबाच काढून पॉड फिल्टर (थेट कार्ब्युरेटरच्या तोंडावर बसणारा उघडा फिल्टर) लावायचा?

तिन्ही उपाय एकच गोष्ट धरून चालतात, ती म्हणजे डबा हवा अडवतो. ते थोडंसंच खरं आहे. तुमच्या तक्रारी दोन आहेत आणि त्यांची कारणं वेगळी आहेत. अडखळणं हा मिक्स्चरचा, म्हणजे हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा प्रश्न आहे, तो जेटिंगने (जेटची मापं जुळवून) सुटेल. मधल्या आरपीएमचा दम गेला तो मात्र जेटने परत येणार नाही, कारण तो पेट्रोलमुळे मिळत नव्हता. तो स्नॉर्कलच्या लांबीमुळे मिळत होता.

आधी एक सांगतो. खालचे आकडे तुमच्या डब्याचे आणि एका सिलिंडरचे आहेत. चार सिलिंडरच्या इंजिनात हवेचे हिसके चौपट वेळा बसतात, तिथे हाच डबा अगदी वेगळा वागेल. कॅम, सायलेन्सर आणि कार्ब्युरेटर ते व्हॉल्व्ह हे अंतर यांवरही बरंच अवलंबून असतं. त्यामुळे आकडे दिशा समजण्यासाठी घ्या, शेवटचा निकाल मोजून लावायचा आहे.

डबा खरोखर किती अडवतो ते आधी बघू. ३५० सीसीचं सिलिंडर एका इनटेक स्ट्रोकला साधारण ०.३ लिटर हवा घेतं. फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांना एक इनटेक, म्हणजे ६००० आरपीएमला सेकंदाला ५० वेळा, एकूण १५ लिटर हवा. ३० मिमीच्या तोंडाचं क्षेत्रफळ सुमारे ७ चौरस सेंमी. त्यातून सरासरी वेग निघतो सेकंदाला २१ मीटर आणि त्या वेगाचा गतिज दाब (हवेला तो वेग द्यायला लागणारा दाब) सुमारे २७० पास्कल. तोंडाशी होणारा तोटा धरून चारशेच्या आसपास म्हणा. वातावरणाचा दाब सुमारे एक लाख पास्कल, म्हणजे स्नॉर्कल अडवत होता तो अर्ध्या टक्क्याच्या आत-बाहेर. हवा हिसक्यांनी येते म्हणून प्रत्यक्षात थोडा जास्त. दाब एक टक्का वाढला की ताकद ढोबळमानाने एक टक्का वाढते, तेव्हा स्नॉर्कल काढून मिळणारी सरळ कमाई किती ते तुम्हीच बघा.

मग डबा इतका मोठा कशाला? इंजिन हवा सलग घेत नाही. चक्राच्या साधारण एक तृतीयांश भागात ती गचकन ओढली जाते आणि बाकीचा वेळ व्हॉल्व्ह बंद असतो. त्या गचक्यात स्नॉर्कलमधून काहीच आलं नाही असं क्षणभर धरलं, तर पाच लिटरमधून ०.३ लिटर गेल्यावर डब्यातला दाब आठ टक्क्यांहून जास्त पडेल. डबा तीन लिटरचा असता तर चौदा टक्के. दहा लिटरला तेच चार टक्के. सीटखालच्या जागेसाठी डबा लहान केला की ताकद का जाते ते यावरून कळतं. मोठ्या स्पोर्ट्स गाड्यांत टाकीखालची जवळजवळ सगळी जागा डब्याला देऊन पेट्रोल मागे-खाली सरकवतात, तेही याच कारणाने. क्षमतेच्या आठ-दहा पट डबा असावा असा साधा ठोकताळा आहे. तुमचा चौदा पटींच्या वर आहे, म्हणजे चांगलाच आहे.

आता मुख्य मुद्दा. डब्यातली हवा दाबली जाते आणि फुलते, ती स्प्रिंगचं काम करते. स्नॉर्कलमधल्या हवेला वजन असतं, ती त्या स्प्रिंगला टांगलेला गोळा. या जोडीची स्वतःची एक कंपनसंख्या असते, तिला हेल्महोल्ट्झ रेझोनन्स म्हणतात. हिशेब सोपा आहे: स्नॉर्कलचं क्षेत्रफळ भागिले (डब्याचं घनफळ गुणिले लांबी), त्याचं वर्गमूळ, आणि त्याला ध्वनीचा वेग भागिले २π, म्हणजे साधारण ५४.६ ने गुणायचं. सगळी मापं मीटरमध्ये. एक खुबी मात्र विसरू नका. नळीच्या दोन्ही टोकांबाहेरची थोडी हवाही नळीबरोबर हलते, म्हणून लांबीत त्रिज्येच्या सुमारे दीडपट मिळवावी लागते. तुमच्या १०० मिमीच्या स्नॉर्कलची कामाची लांबी त्यामुळे १२२ मिमी होते.

आकडे घातले की उत्तर येतं सेकंदाला सुमारे ५९. एक-सिलिंडर फोर-स्ट्रोकमध्ये आरपीएमला १२० ने भागलं की इनटेकचे हिसके मिळतात, म्हणजे ही कंपनसंख्या जुळते ७००० आरपीएमच्या जवळ. फायदा नेमका त्या आकड्यावर नसतो, त्याच्या थोडा खाली असतो. रेझोनन्सच्या खालच्या बाजूला डब्यातला दाब हवेचा वेग वाढत असताना पडतो आणि वेग कमी होत असताना चढतो. हा चढ इनटेक व्हॉल्व्ह बंद होण्याच्या सुमाराला येतो आणि शेवटची थोडी हवा सिलिंडरमध्ये रेटून भरतो. रेझोनन्सच्या वर गेलं की हे चक्र उलटतं. व्हॉल्व्ह बंद होताना दाब नेमका पडलेला असतो आणि तिथे टॉर्कला खड्डा पडतो.

आता तुमची लक्षणं याच्याशी लावून बघा. ४५०० ते ६५०० मध्ये दम होता, तो रेझोनन्सच्या खालचा पट्टा. ७००० च्या वर गाडी कोंडल्यासारखी व्हायची, तो वरचा खड्डा. स्नॉर्कल काढल्यावर उरलं झाकणातलं ३० मिमीचं नुसतं भोक. झाकणाची तीन मिमी जाडी आणि टोकांची भर (नुसत्या भोकाला ती थोडी जास्त असते) धरून लांबी जेमतेम २८ मिमी. त्याचा रेझोनन्स सेकंदाला सुमारे १२२, म्हणजे साडेचौदा हजार आरपीएम. तिथे तुमचं इंजिन कधीच जाणार नाही. थोडक्यात, खड्डा गेला आणि त्याच्याबरोबर उंचवटाही गेला. हा उंचवटा काही टक्क्यांचाच असतो, पण रोजच्या चालवण्यात आपण नेमके त्याच पट्ट्यात असतो. म्हणून तो गेलेला लगेच जाणवतो.

त्यात आवाजाची फसवणूक. स्नॉर्कल हा इनटेकचा सायलेन्सरही असतो. तो काढला की टाकीखालून घुमणारा आवाज येतो आणि गाडी जोरात पळाल्यासारखी वाटते. कानावर विश्वास ठेवून केलेल्या बदलांपैकी बरेच बदल घड्याळ लावल्यावर उघडे पडतात.

अडखळण्याचं कारण वेगळं. कार्ब्युरेटरच्या फ्लोट बाऊलचा (पेट्रोल साठण्याच्या वाटीचा) व्हेंट, म्हणजे हवेचं तोंड, बहुतेक गाड्यांत बाहेरच्या हवेला उघडा असतो, आणि डब्यातला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी. हा फरक जेटमधून थोडं जास्त पेट्रोल ढकलतो, म्हणजे डबा हलक्या चोकसारखा वागतो. कंपनीने जेट ठरवताना हे धरलेलं असतं. स्नॉर्कल काढला की तो फरक जवळजवळ नाहीसा होतो, हवा थोडी वाढते आणि पेट्रोलचा रेटा कमी होतो, मिक्स्चर लीन होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं. याच कारणाने फिल्टर तुंबला की गाडी रिच होते (पेट्रोल जास्त होतं) आणि प्लग काळा पडतो. तुमच्या बाऊलचा व्हेंट पाइप डब्यात जात असेल तर हा परिणाम कमी दिसेल. ती नळी शोधून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

सीव्ही कार्ब्युरेटरला आणखी एक नाजूक बाब आहे. त्याचा स्लाइड, म्हणजे हवेची वाट उघडणारा सरकता तुकडा, केबलने उचलला जात नाही. त्याला जोडलेल्या रबरी पडद्याच्या, म्हणजे डायफ्रॅमच्या खालच्या बाजूला डब्यातला दाब असतो आणि वरच्या बाजूला व्हेंच्युरीतला (कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातला) व्हॅक्यूम, त्या फरकावर तो वर येतो. कार्ब्युरेटरच्या तोंडाशी, बेलमाउथच्या (घंटेसारख्या फुललेल्या तोंडाच्या) कडेला, दोन-तीन बारीक भोकं दिसतील. त्यांतली काही डायफ्रॅमच्या खाली जातात, काही पायलट (आयडलिंग आणि कमी थ्रॉटलच्या) आणि मेन एअर जेटला. पॉड फिल्टरची रबरी कॉलर आतून जाड असेल तर यांतलं एखादं भोक झाकलं जातं. मग स्लाइड अर्ध्यावर लटकतो किंवा मिक्स्चर भलतीकडे जातं आणि माणूस महिनाभर जेट बदलत बसतो. पॉड लावून गाडी बिघडली अशी तक्रार आली की मी पहिल्यांदा हीच भोकं बघायला सांगतो.

पॉडबद्दल माझं मत स्पष्ट आहे. रस्त्यावरच्या एक-सिलिंडर गाडीला, आणि तेही सीव्ही कार्ब्युरेटरवर, तो तोट्याचाच सौदा आहे. डब्याचा साठा जातो आणि ट्यूनिंगही जातं. बाजूने वारा लागला की तोंडाशी दाब खालीवर होतो आणि सीव्हीचा स्लाइड थरथरतो. शिवाय इंजिनमागची गरम हवा आत जाते. बाहेर ३० अंश असताना इनटेकची हवा ४० अंश झाली की घनता तीन टक्क्यांहून जास्त पडते. पॉडने जे मोकळं केलं त्याच्या कितीतरी पट तिथेच गेलं. पाऊस आणि चिखलाचं तर बोलायलाच नको. फक्त वरच्या आरपीएमवर चालणाऱ्या, फ्लॅट-स्लाइड (केबलने स्लाइड उचलणाऱ्या) कार्ब्युरेटरच्या शर्यतीच्या इंजिनाला हिशेब वेगळा असतो. पण तिथेही चांगली टीम डबा काढत नाही, मोठा करते.

झाकणाला भोकं पाडण्याचंही तसंच. भोक वाढलं की रेझोनन्स आणखी वर जाणार आणि मधला दम मुळीच परत येणार नाही. पाडलेलं भोक बुजवता येत नाही, म्हणून प्रयोग करायचाच असेल तर जुनं झाकण मिळवा आणि त्यावर करा. भोक कडेला आणि फिल्टरच्या घाणेरड्या बाजूलाच हवं. फिल्टरच्या इंजिनकडच्या बाजूला भोक म्हणजे धूळ थेट सिलिंडरमध्ये. असली झाकणं मी बघितली आहेत आणि त्या गाड्यांचं कम्प्रेशन लवकर पडतं.

मग करायचं काय? पहिलं काम, स्नॉर्कल परत बसवा, नवा किंवा साफ केलेला फिल्टर टाका आणि मूळ जेट ठेवून गाडी मूळ स्थितीत आणा. इथून पुढची तुलना याच्याशी करायची.

दुसरं काम मोजण्याचं. डब्याच्या तळाशी पाणी आणि तेल निघायला ड्रेन नळी असते, तिच्या टोकाला बूच किंवा चिमटा. तिथे पाच-सहा मिमी पोकळीची पारदर्शक नळी जोडा. ती अर्धा मीटर उंचीच्या यू आकारात फळीवर बांधा, निम्मी रंगीत पाण्याने भरा आणि दुसरं टोक उघडं ठेवा. हिसक्यांनी पाणी नाचू नये म्हणून नळीत जुना पायलट जेट खुपसून द्या, म्हणजे सरासरी दाब वाचता येतो. दोन बाजूंच्या पातळीत १०० मिमी फरक म्हणजे जवळजवळ एक टक्का दाब. ड्रेन बहुधा फिल्टरच्या स्वच्छ बाजूला असतो, तेव्हा या आकड्यात स्नॉर्कल आणि फिल्टर दोन्ही येतात. डायनोवर (ताकद मोजण्याच्या रोलर यंत्रावर), पूर्ण थ्रॉटलला, ४००० पासून वर दर ५०० आरपीएमला आकडा लिहा. डायनो नसेल तर फळी टाकीवर घट्ट बांधून फोनने चित्रीकरण करा आणि मोकळ्या बंदिस्त ट्रॅकवरच करा. चालवताना नळीकडे बघू नका.

साफ फिल्टरला फरक १०० मिमीच्या आत आला, तर मोकळं करून मिळवण्यासारखं फारसं काही नाही. २०० च्या वर आला तर फिल्टरचा प्रकार किंवा स्नॉर्कलचं तोंड बघायला हवं. नुसता फिल्टर काढून एक धाव घेतली की दोषी कोण ते कळतं. मात्र ही धाव डायनोवर स्वच्छ हवेतच घ्या, रस्त्यावर नाही.

तिसरं काम या सगळ्यातलं सर्वात रंजक. वरचा खड्डा भरायचा आणि मधला दम ठेवायचा असेल तर स्नॉर्कल काढण्याऐवजी रुंद आणि लांब करा. रेझोनन्सला क्षेत्रफळ आणि लांबी यांचं गुणोत्तर लागतं. ३० मिमीऐवजी आतून ३६ मिमीची नळी घेतली तर क्षेत्रफळ ४४ टक्के वाढतं. तेवढीच लांबी ठेवली तर रेझोनन्स ८३०० च्या आसपास जातो. पण लांबी १५० मिमी केली की तो पुन्हा ७००० च्या जवळ येतो आणि नळीतला सरळ तोटा निम्म्यावर येतो. जोर आणखी खाली हवा असेल तर ३० मिमीचीच नळी १५० मिमी करा. रेझोनन्स ६००० च्या खाली उतरतो आणि फायद्याचा पट्टा साधारण ४००० ते ५५०० मध्ये जातो, वरची ताकद मात्र जाते. ओझं घेऊन चढ चढणाऱ्याला ते चालेल, वर ताणणाऱ्याला नाही.

नळी म्हणून साधी प्लास्टिकची पाइप चालते. महत्त्वाची आहे तिची दोन्ही टोकं. नुसतं कापलेलं, डब्यात घुसलेलं धारदार टोक हवेला सर्वात वाईट. तिथे गतिज दाबाचा ऐंशी टक्के ते सगळाच्या सगळा तोटा होतो. भिंतीशी सपाट बसवलेल्या तोंडाला सुमारे निम्मा, आणि नीट गोलाई दिलेल्या बेलमाउथला पाच टक्क्यांच्या आत. म्हणून पाइपचं टोक गरम करून गोल साच्यावर फुलवा, कडेची त्रिज्या किमान पाच-सहा मिमी यायला हवी. आतलं टोक समोरच्या भिंतीपासून किंवा फिल्टरपासून निदान एक व्यास लांब ठेवा. त्यापेक्षा जवळ आलं की हवेला वळायला जागा उरत नाही आणि रुंद केल्याचा फायदा गिळला जातो. बाहेरचं तोंड वर किंवा मागे, सीटच्या आडोशाला. चाकाच्या बाजूला किंवा इंजिनच्या गरम हवेत नको.

डब्याचं घनफळ तुम्ही पाच लिटर म्हणता, ते कंपनीच्या कागदावरून की मोजून? बाहेर काढून, कार्ब्युरेटरचं तोंड आणि ड्रेन बंद करून, फिल्टरच्या जाळीसह पाणी मोजत भरा. फिल्टरच्या दोन्ही बाजूंची जागा एकत्रच धरायची, कारण इतक्या मंद हिसक्यांना फिल्टर भिंतीसारखा वाटत नाही. तो फक्त कंपन थोडं मऊ करतो. चार लिटर निघाले तर रेझोनन्सचे वरचे सगळे आकडे सुमारे बारा टक्के वर सरकतील. नंतर डबा पूर्ण वाळवायला विसरू नका.

जेटिंगचा क्रम पक्का ठेवा. मेन जेट आधी, मग निडल (स्लाइडला जोडलेली, मधल्या थ्रॉटलचं पेट्रोल ठरवणारी सुई), पायलट शेवटी आणि बहुधा नाहीच. मूळ स्नॉर्कलसह गाडी नीट चालत असेल तर काहीच बदलू नका. ३६ मिमीच्या नळीला मेन जेट एखाद-दोन माप वर लागेल, उदाहरणार्थ ११५ वरून ११८ किंवा १२०. स्नॉर्कल नसताना दोन-तीन मापं. केहिन आणि मिकुनीच्या जेटच्या मापांच्या पद्धती एकसारख्या नाहीत, तेव्हा एकाचा आकडा दुसऱ्याला लावू नका. पूर्ण थ्रॉटलला वरच्या आरपीएमवर असताना थ्रॉटल किंचित मिटवून बघा. गाडी क्षणभर जास्त ओढायला लागली तर मेन जेट लहान आहे. जड होऊन फाटक्या आवाजात बडबडली तर मोठा आहे. वाइडबँड सेन्सर (धुरातल्या ऑक्सिजनवरून मिक्स्चर मोजणारा) मिळाला तर अंदाजाची गरजच नाही. पूर्ण थ्रॉटलला लॅम्डा (१ म्हणजे पेट्रोल पूर्ण जळायला नेमकी पुरेल इतकी हवा, त्याखाली रिच) ०.८६ ते ०.९० ठेवा. लॅम्डा वाचा, हवा-पेट्रोल गुणोत्तर नको, कारण पेट्रोलमधल्या इथेनॉलबरोबर ते गुणोत्तर बदलतं, लॅम्डा बदलत नाही.

अर्ध्या थ्रॉटलला अडखळणं उरलं तर निडल अर्धा मिमी वर घ्या. बऱ्याच सीव्ही कार्ब्युरेटरांत निडलला खाचा नसतात, एकच क्लिप असते. तिथे क्लिपखाली अर्ध्या मिमीचा वॉशर घालतात. वॉशर स्लाइडमधलं व्हॅक्यूमचं बारीक भोक झाकत नाही ना ते बघा. डायफ्रॅम परत बसवताना त्याची कड खाचेत पूर्ण बसली पाहिजे. चिमटली गेली तर स्लाइड वर येणारच नाही आणि दोष पुन्हा बिचाऱ्या डब्यावर जाईल.

डबा आणि कार्ब्युरेटर यांच्यामधलं रबर दुर्लक्षितच राहतं. गाडी जुनी असेल तर ते कडक होऊन तडकतं. कार्ब्युरेटरच्या अलीकडची ही गळती आयडलिंगवर काहीच दाखवत नाही, स्प्रे मारूनही कळत नाही, पण फिल्टर चुकवून धूळ आत नेते. अंधारात डब्याच्या आत टॉर्च ठेवा आणि बाहेरून रबराच्या घड्या ताणून प्रकाश दिसतो का ते बघा. दुसरी खूण बोटाची. फिल्टरच्या स्वच्छ बाजूच्या नळीत बोट फिरवा. तेलकट थर ब्रीदरमुळे (इंजिनातली वाफ डब्यात सोडणाऱ्या नळीमुळे) असतो, तो चालतो. त्यात कचकच लागली तर धूळ जाते आहे. फिल्टर बसवताना त्याच्या कडेला ग्रीसचा पातळ हात द्यावा, नंतर तिथला ठसा बघून सील कुठे सुटतं ते कळतं.

फिल्टरच्या प्रकारावर वाद घालणारे बरेच भेटतात, मी फार बोलत नाही. साफ असताना कागदी, फोम आणि तेल लावलेल्या सुती जाळीचा फिल्टर यांच्यातला फरक तुमच्या १५ लिटर प्रति सेकंदाला मानोमीटरवर (वरच्या यू नळीवर) थोडासाच दिसेल. धुळीच्या रस्त्याला दोन थरांचा तेलाचा फोम चांगला, पण तेल जास्त झालं की तोच अडवतो. पिळून घ्या, थेंब गळता कामा नये. तेल पाजलेला कागदी फिल्टर असेल, तर तो हवेच्या प्रेशरने साफ करायचा नसतो, बदलायचा असतो.

डबा काढणारे क्रँककेसचा ब्रीदर आणि एक्झॉस्टला ताजी हवा देणारी नळी, दोन्ही लोंबकळत ठेवतात. दोन्ही डब्यातूनच स्वच्छ हवा घेतात किंवा तिथे सोडतात. ब्रीदर उघडा राहिला तर इंजिनात धूळ-पाणी ओढलं जाऊ शकतं, आणि एक्झॉस्टची नळी उघडी राहिली तर थ्रॉटल सोडताना फटाके वाजतात. लोक त्याला लीन मिक्स्चर समजून पुन्हा जेटकडे वळतात.

इंजेक्शनची गाडी असलेल्यांसाठी थोडं. मोटरसायकलचा ईसीयू (इंजिनाचा संगणक) सहसा हवा थेट मोजत नाही. थ्रॉटल किती उघडला आणि मॅनिफोल्डचा दाब किती यांवरून तक्त्यातून पेट्रोल ठरवतो, आणि तो तक्ता मूळ डब्याचाच असतो. ऑक्सिजन सेन्सरची दुरुस्ती संथ चालवतानाच चालते, पूर्ण थ्रॉटलला तो बाजूला असतो. म्हणून डबा बदलला तर तो तक्ता, म्हणजे मॅपही बदलावा लागतो. हवेच्या तापमानाचा सेन्सर बऱ्याचदा डब्यावरच असतो. पॉड लावून तो इंजिनजवळ लटकवला की हवा गरम आहे असं समजून ईसीयू पेट्रोल कमी करतो. सगळं बरोबर करूनही गाडी तापल्यावर लीन का होते, याचं उत्तर पुष्कळदा इथे सापडतं.

कोणीतरी समोरून हवा घेण्याचा सल्ला देईलच. रस्त्यावरच्या मोटरसायकलवर रॅम एअर (समोरच्या वाऱ्याने डब्यात दाब चढवणं) पहिल्यांदा १९९० साली कावासाकीच्या झेडझेडआर ११०० ने आणला. दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी १०० किमीला अर्ध्या टक्क्याच्या जरा आत, २०० ला १.८ टक्के, ३०० ला ४ टक्क्यांच्या वर, आणि हा वरचा आकडा आहे, नळ्यांत काही जातंच. तुमच्या गाडीच्या वेगाला याचा एकच खरा फायदा, थंड हवा. शिवाय डब्यात जास्त दाब आला आणि बाऊलचा व्हेंट बाहेरच राहिला तर कार्ब्युरेटर लीन होतो. व्हेंट डब्याला जोडल्याशिवाय हा खेळ नको. लांबी बदलणारा इनटेक असलेल्या गाड्याही आहेत, यामाहाने २००७ च्या आर१ वर बेलमाउथची लांबी चालता चालता बदलली. पण ते डब्याआतलं, बेलमाउथ ते व्हॉल्व्ह या नळीचं ट्यूनिंग आहे. स्नॉर्कलचा रेझोनन्स वेगळा, त्या नळीतल्या लाटा वेगळ्या. दोघांचा गोंधळ करू नका.

बदल एका वेळी एकच करा. वरच्या गिअरमध्ये ६० ते १०० किमीची वेळ, त्याच मोकळ्या पट्ट्यावर दोन्ही दिशांना, शक्यतो त्याच हवामानात घ्या. आणि बहुतेक ठिकाणी मूळ डबा हा गाडीच्या आवाज आणि धुराच्या मंजुरीचा भाग असतो, तेव्हा मूळ स्नॉर्कल आणि झाकण जपून ठेवा.

तुम्ही आता दोन गोष्टी कळवा: डब्याचं मोजलेलं घनफळ आणि बाऊलचा व्हेंट डब्यात जातो की बाहेर. त्यावरून ३६ मिमीच्या नळीची नेमकी लांबी आणि पहिला जेट सांगता येईल.